पाडलेल्या घरांचा हिशेब

मुंबईच्या उपनगरांत हल्ली कोणत्याही गल्लीतून चालत जावे, तर दर शे-दोनशे पावलांवर पत्र्यांचे उंच कुंपण आडवे येते. कुंपणावर भावी इमारतीचे रंगीत चित्र असते. चित्रात झाडे असतात, निळे पाणी असते, आणि हातात हात घालून फिरणारे एक हसतमुख कुटुंबही असते. कुंपणाच्या आत मात्र मध्यमवर्गीयांनी साठ-सत्तर साली पोटाला चिमटा घेऊन उभारलेली तीन-चार मजल्यांची सहकारी सोसायटी पाडली जात असते. महिना-दीड महिन्यात जागा सपाट होते. तेथे पुढे काय उभे राहणार, ह्याविषयी सभासद, विकासक, वास्तुविशारद, बँका आणि महानगरपालिका ह्या सर्वांचे कागद तयार असतात. जे पाडले गेले ते कोठे गेले, ह्याचा कागद मात्र बहुधा कोणापाशीच नसतो. आम्ही आज लिहीत आहोत ते ह्या नसलेल्या कागदाविषयी.

प्रथम हा पसारा केवढा आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या अखत्यारीतील ‘टायफॅक’ ह्या संस्थेने २००१ साली काही ठोकळ प्रमाणे बांधून दिली होती. पक्की इमारत पाडली की दर चौरस मीटरमागे ३०० ते ५०० किलो, नवे बांधकाम करताना ४० ते ६० किलो, आणि दुरुस्ती वा नूतनीकरणात ४० ते ५० किलो राडारोडा निघतो, असा तो हिशेब. पाडकामाचा आकडा फार कमी धरलेला आहे, असा आक्षेप जाणकारांनी त्यावर घेतलेला आहे, आणि काँक्रीटचे वजन ठाऊक असणाऱ्या कोणालाही तो पटेल. तरीही तोच आकडा धरून चालू. १,५०० चौरस मीटर बांधकामाची, म्हणजे आपल्या परिचयातील अगदी सामान्य सोसायटी पाडली, तर ४५० ते ७५० टन माल निघतो. दहा टनी डंपरच्या ह्या ४५ ते ७५ फेऱ्या झाल्या. साऱ्या देशाचा विचार केला तर वर्षाकाठी १५ कोटी टन, असा अंदाज केंद्र सरकारच्या बांधकाम-साहित्यविषयक परिषदेने वर्तविला होता. आणि त्यांपैकी जेमतेम एक टक्का माल पुन्हा वापरात येतो, असे दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने २०२० साली म्हटले होते.

आता ह्या फेऱ्यांमागचे अर्थकारण पाहण्याजोगे आहे. इमारत पाडण्याचे कंत्राट घेणारा ठेकेदार पुष्कळदा पैसे मागत नाही, उलट देतो. कारण इमारतीच्या पोटात त्याच्या उपयोगाचे बरेच काही असते. दारे-खिडक्यांचे सागवान असते, तांब्याच्या तारा असतात, लोखंडी जाळ्या असतात, काँक्रीटमधील सळया असतात. हातोड्याने आणि हल्ली यंत्राने काँक्रीट फोडून त्यातून सळई ओढून काढणाऱ्या मजुरांची चिकाटी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना एक गोष्ट सांगावी लागणार नाही: ज्याला भाव आहे ते ह्या शहरात कधीही कचरा होत नाही. रे रोडजवळच्या दारूखान्यात जुन्या जहाजांचे तुकडे तुकडे होऊन त्यांतला खिळासुद्धा विकला जातो. लोखंडाला भाव आहे, म्हणून लोखंड भट्टीकडे जाते. विटा, गिलावा, फरशा आणि काँक्रीट ह्यांना भाव नाही. उलट त्यांना दूर न्यावयाचे तर डिझेल लागते. डंपरवाल्याची मजुरी फेरीवर ठरलेली असते. रात्री एकच्या सुमारास चाळीस किलोमीटर दूरच्या अधिकृत जागेत जाण्याऐवजी चार किलोमीटरवरील खाडीच्या काठी तो मागचे फाळके उघडतो, ह्यात आश्चर्य कसले? तो पकडला गेला तर दंड त्याला होतो, गाडी त्याची अडकते. ज्यांच्या घराच्या त्या भिंती होत्या त्यांना, आणि ज्यांच्या नफ्यासाठी त्या पाडल्या गेल्या त्यांना, ती रात्र सुखाच्या झोपेची असते.

खाडीत टाकलेल्या ह्या मालाला आपल्याकडे ‘भरणी’ असा साधा शब्द आहे. मुंबई बेटे सांधून, भरणी करूनच झाली, तेव्हा आणखी थोड्या भरणीने काय बिघडते, असा एक युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो करणाऱ्यांनी एकदा ओहोटीच्या वेळी तिवरांच्या जंगलाशी जाऊन उभे राहावे. चिखलातून बोटांसारखी वर आलेली जी असंख्य मुळे दिसतात, ती ह्या झाडांची श्वास घेण्याची इंद्रिये होत. त्यांवर हातभर राडारोडा पडला की ती गुदमरतात. भरतीचे पाणी आत यावयाची वाट बुजते, आत राहिलेले पाणी कुजते, आणि वर्ष-दोन वर्षांत कुऱ्हाड न लावताही जंगल वाळून उभे राहते. चिखलातल्या निवट्या आणि काठावरची कालवे नाहीशी होतात. ती वेचून संसाराला हातभार लावणाऱ्या कोळणींची मिळकत बुडते. मग त्या सपाट झालेल्या जागेवर प्रथम वाहनतळ, मग पत्र्याचे गुदाम, आणि नंतर झोपड्या येतात; त्यांत राहणाऱ्या गरिबाला आपण अतिक्रमक म्हणतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालच्या ऑक्टोबरात कांदळवनांच्या तोडीला आणि त्यांच्या भोवतीच्या ५० मीटरांतील बांधकामाला मनाई केली, आणि २०१८ साली अंतिम निकालाने ती मनाई पक्की केली. कायद्याच्या पुस्तकात कांदळवने सुरक्षित आहेत. डंपर पुस्तक वाचीत नाही.

२००५ सालच्याच २६ जुलैला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठी नदी नावाची काही चीज आपल्या शहरात आहे हे अनेकांस प्रथमच कळले. तो पाऊस असाधारण होता. कोणत्याही नदीने तो सुखासुखी वाहून नेला नसता. परंतु नदीचे पात्र दोन्ही काठांनी भरणी करून आवळीत आणायचे, नाल्यांच्या तोंडाशी विटांचे ढीग लोटायचे, आणि मग पाणी घरात शिरले म्हणून आकाशाला बोल लावायचा, हे सुशिक्षितांना शोभत नाही. पाण्याची गोष्ट अशी आहे की त्याला जागा लागते. ती खाडीत मिळाली नाही तर ते ती तळमजल्यावर घेते.

झाली ही राडारोड्याच्या शेवटाची हकीकत. पण पर्यावरणाचे खरे नुकसान कदाचित दुसऱ्या टोकाला, आपल्या दृष्टीआड, होत असते. जितके टन आपण खाडीत लोटतो, तितके, किंबहुना त्याहून पुष्कळ अधिक, टन नव्या इमारतीसाठी कोठून तरी आणावे लागतात. ठाणे-नवी मुंबईच्या बाजूला रेल्वेने जाताना ज्यांनी पारसिकच्या डोंगराकडे पाहिले असेल, त्यांना अर्धवट कापलेल्या पावासारखे दिसणारे त्याचे कडे आठवतील. डोंगरातला काळा दगड सुरुंगाने उडवून, क्रशरमध्ये भरडून त्याची खडी होते. सह्याद्रीचा हा बसाल्ट लाव्हारसातून तयार होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. तो पुन्हा तयार व्हावयाचा नाही. वाळूची कथा अधिकच करुण आहे. नदी आणि खाडी ह्यांच्या तळाची वाळू उपसली की काठ ढासळतात, विहिरींचे पाणी उतरते, पुलांचे पाये उघडे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालच्या फेब्रुवारीत, पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उपशालाही पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागेल, असा निर्णय दिला. तेव्हापासून वाळूचा भाव वाढला, चोरीही वाढली. आणि वाळूला पर्याय म्हणून दगड कुटून कृत्रिम वाळू करण्याकडे ओढा वळला. ही वाळू नदीला वाचविते खरी. पण त्यासाठी पुन्हा डोंगरच फोडावा लागतो. ह्या साखळीत एकच दगड असा आहे की जो एकदा फोडून झालेला आहे, शहरात येऊन पोहोचलेला आहे आणि फुकट मिळतो. तोच आपण खाडीत टाकतो.

धुळीविषयी लांबण लावण्याचे कारण नाही, कारण ती प्रत्येक वाचकाच्या खिडकीवर आहे. २०२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की महानगरपालिकेला बांधकामांसाठी सविस्तर नियमावली काढावी लागली. उंच पत्रे लावा, पाणी फवारा, डंपर झाकून न्या, अशा तिच्या आज्ञा होत्या. नोव्हेंबरात तर उच्च न्यायालयाने राडारोड्याच्या वाहतुकीलाच काही दिवस मनाई केली. पाणी फवारून धूळ बसते, पण माल मूळ जागीच वर्गवार वेगळा केला आणि शक्य तेथे तेथल्या तेथेच वापरला, तर तिचे उत्पत्तिस्थानच कमी होते. फेऱ्या कमी झाल्या की डिझेलचा धूरही कमी होतो, हे ओघानेच आले.

ह्या बाबतीत कायदे नाहीत, असे कोणी समजू नये. कायद्यांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. २०१६ सालच्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला आग लागली आणि तिचा धूर दिवसचे दिवस शहरावर राहिला. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीस उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय लागेपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानग्या देण्यास मनाई केली. आणि २०१८ सालच्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सैल केली तेव्हा अट घातली ती राडारोड्याची सुरक्षित विल्हेवाट लावण्याची. मधल्या काळात, २०१६ च्याच मार्चमध्ये, केंद्र सरकारने बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी पहिलीच स्वतंत्र नियमावली जारी केली होती. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन माल काढणाऱ्याने काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-चुना असे चार ढीग वेगळे करावेत, असे तीत सांगितले आहे. वीस टन म्हणजे दिवसाला दोन डंपर; वर सांगितलेली आपली सामान्य सोसायटीही ह्या नियमात बसत होती. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांनी दीड वर्षात प्रक्रियेची सोय उभारावी, असेही त्यात होते. दीड वर्षाची ही मुदत २०१७ सालीच संपली. महानगरपालिकेचे प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे दोन प्रकल्प, एक दहिसरला आणि एक शिळफाट्याजवळ डायघरला, प्रत्यक्षात येण्यास त्यानंतर अनेक वर्षे लागली. दिल्लीने बुराडीचा आपला पहिला प्रकल्प २००९ सालीच सुरू केला होता. देशाची आर्थिक राजधानी म्हणविणाऱ्या शहराला हे भूषणावह नाही.

अशा प्रकल्पात होते तरी काय? यांत्रिक विद्येचे त्यात फारसे गूढ नाही. आलेला माल प्रथम हाताने निवडतात. चिंध्या, प्लॅस्टिक, लाकूड बाजूला होते. मग जबड्यासारख्या यंत्रात काँक्रीटचे ढोकळे फोडतात, चुंबक उरलेले लोखंड खेचून घेतो, धुऊन गाळ काढतात आणि चाळण्यांनी खडी, कच आणि वाळू वेगळी करतात. त्यातून रस्त्याच्या पायातील थर, पदपथाचे ठोकळे, कडेचे दगड आणि भिंतींच्या विटा होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या वाढीव इमारतीच्या बांधकामातही असे ठोकळे वापरले गेले आहेत; न्यायमूर्तींच्या डोक्यावरचे छत त्यामुळे डळमळीत झाल्याचे ऐकिवात नाही. भारतीय मानक संस्थेने २०१६ साली आपल्या ३८३ क्रमांकाच्या मानकात जुन्या काँक्रीटच्या खडीला रीतसर मान्यता दिली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एका ठराविक प्रतीपर्यंत २० टक्के, आणि पायाखालच्या कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के. ह्या मर्यादांना कारण आहे. जुन्या खडीला पूर्वीचे सिमेंट चिकटून राहिलेले असते आणि ते पाणी अधिक शोषून घेते. मिश्रण करताना ते ध्यानात धरावे लागते. जपानात २००० साली कायदा झाला, आणि तेथे काँक्रीटच्या राडारोड्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक माल पुन्हा वापरला जातो. त्यातला बहुतेक रस्त्यांच्या पोटात जातो. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. डोंगर फोडून आणलेली खडीही रस्त्याच्याच पोटात जाते.

अडचण यंत्रात नसून मिश्रणात आहे. ढिगात आढ्याच्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे असले, तर त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असण्याचा संभव असतो. ते भरडणे म्हणजे फुप्फुसांत विष पेरणे होय. शोभेसाठी लावलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छतांचा चुरा मिसळला तर त्यातील गंधकाचे क्षार नव्या काँक्रीटचा घात करतात. हे वेगळे करावयाचे तर ते पाडण्यापूर्वीच करावे लागते. इमारत वरून खाली, बांधण्याच्या उलट क्रमाने, सोडवीत आणावी लागते. नॉयडातील दोन बेकायदा मनोरे २०२२ सालच्या २८ ऑगस्टला ३,७०० किलो स्फोटके लावून पाडले, तेव्हा सारा देश दूरदर्शन संचापुढे बसला होता. दहा-बारा सेकंदांत खेळ संपला. मागे राहिलेला सुमारे ८०,००० टनांचा ढीग उपसावयास महिनेच्या महिने लागले. ते पाहावयास मात्र कोणी बसले नव्हते.

जुने सोडवून पुन्हा लावण्याची विद्या आपणास नवी आहे असेही नव्हे. पुण्याच्या पेठांतील वाडे उतरविले गेले तेव्हा त्यांच्या सागवानी तुळया, खांब आणि कोरीव चौकटी जुन्या बाजारात गेल्या आणि तेथून नव्या घरांत. चुन्यात बांधलेली वीट सुटी करता येते, कारण चुना विटेहून मऊ असतो. गवंड्याच्या एका टोल्याने तो झडतो आणि वीट अखंड हाती येते. सिमेंटचे तसे नाही. ते विटेला असे धरून बसते की सोडवू गेले तर वीटच फुटते. आपल्या आजोबांची घरे परत वापरता येत होती आणि आपली येत नाहीत, ह्याचे एक मोठे कारण हे आहे. दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला वाड्याचा दरवाजा मोठ्या कौतुकाने दाखविणारे आमचे काही स्नेही आपल्या इमारतीसाठी ‘जुन्या मालाच्या’ विटा म्हटल्या की नाक मुरडतात, ही गंमत जाता जाता नमूद करून ठेवतो.

येथे एक कबुली दिली पाहिजे. पुनर्वापराचे गोडवे गाणारे पुष्कळदा एक गोष्ट सांगत नाहीत. जुन्या काँक्रीटमधून खडी मिळते, सिमेंट मिळत नाही. आणि काँक्रीटमुळे हवेत जो कार्बन वायू जातो, त्यातील बहुतेक सिमेंटचा असतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की भट्टीतले इंधन सोडूनही ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ते रसायनशास्त्रच आहे, त्याला तोड नाही. म्हणून पुनर्वापराने डोंगर, नदी आणि खाडी वाचतात, पण हवा फारशी वाचत नाही. ती वाचते इमारत न पाडल्याने. ज्या घराचा सांगाडा सुदृढ आहे त्याची दुरुस्ती करून त्याचे आयुष्य तीस वर्षांनी वाढविणे, हा आमच्या मते ह्या साऱ्या विषयातील पहिला उपाय आहे आणि प्रक्रिया हा दुसरा. तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. ती इमारत वाचविता येईल काय हे पाहण्यासाठी असावी. पाडण्याला निमित्त मिळावे म्हणून ती करून घेण्याची जी चाल पडत आहे, तिचा आम्ही निषेध करतो. जेथे इमारत खरोखरच धोकादायक आहे तेथे रहिवाशांचा जीव प्रथम, हे सांगावयास नको. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील २०७ बीडीडी चाळींत पिढ्यान् पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना पर्यावरणाच्या नावाने तेथेच राहा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. वरळीत २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नवी घरे मिळाली, ह्याचा आम्हांस आनंद आहे. त्या चाळी शंभर वर्षांपूर्वीच्या सळईच्या काँक्रीटच्या आहेत. ते काँक्रीट कोठे जाते, एवढेच आमचे विचारणे आहे.

परंतु धोक्याचा प्रश्नच नाही, अशी पाडापाड आपण घरोघर करतो, तिचे काय? नवा फ्लॅट ताब्यात आला की विकासकाने कालच लावलेल्या फरशा आज उखडावयाच्या, न्हाणीघर फोडून पुन्हा बांधावयाचे, हा आता जणू गृहप्रवेशाचाच विधी झाला आहे. साठ चौरस मीटरच्या बिऱ्हाडाचे असे नूतनीकरण केले तर टायफॅकच्या प्रमाणाने अडीच ते तीन टन राडारोडा होतो. तो गोण्यांत भरून जिन्याखाली राहतो आणि एका रात्री टेम्पोतून नाहीसा होतो. त्या टेम्पोवाल्याला ‘कोठे टाकणार?’ असे विचारणारा घरमालक आम्हांस अजून भेटावयाचा आहे. ताबा घेण्यापूर्वीच आपल्या पसंतीच्या फरशा विकासकाला कळवाव्यात, किंवा त्याने त्या लावूच नयेत आणि किंमत वजा द्यावी, इतक्या साध्या व्यवहाराने हे टळू शकते.

आता २०२५ साली केंद्राने नवी नियमावली काढली असून तिच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरविली आहे. मोठ्या प्रकल्पांच्या मालकांनी आपल्या राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी स्वतः घ्यावी, हे तिचे मुख्य सूत्र स्वागतार्ह आहे. मात्र ही जबाबदारी २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामांसाठी आहे. आमच्या उदाहरणातील सोसायटी १,५०० चौरस मीटरांची होती. मुंबईत दररोज पडणाऱ्या इमारतींतील कितीतरी अशाच लहान आहेत, आणि नव्या तरतुदीच्या जाळीतून त्या सहज निसटतील. त्यांच्यासाठी पालिकेने वजनावर अनामत घ्यावी आणि प्रकल्पाच्या वजनकाट्याची पावती दाखविल्यावरच ती परत करावी, अशी आमची सूचना आहे. कुलाब्याचा राडारोडा चाळीसएक किलोमीटर दूर नेण्याची अपेक्षा बाळगण्यापेक्षा शहराच्या दक्षिण भागातही माल गोळा करण्याची व फोडण्याची सोय झाली पाहिजे. आणि सरकारी कामांत १० ते २० टक्के असा माल वापरावा, हे जे २०१६ च्या नियमांत लिहिले होते, ते पालिकेने आपल्याच पदपथांच्या निविदांत प्रथम उतरवावे. गिऱ्हाईक नसलेल्या मालाचे कारखाने फार दिवस चालत नाहीत.

सोसायट्यांना मात्र पालिकेसाठी थांबण्याचे कारण नाही. पुनर्विकासाच्या विशेष सभेत चटईक्षेत्र, भाडे, कॉर्पस आणि गाडीची जागा ह्यांवर रात्री अकरापर्यंत वाद रंगतात, हे आम्ही जाणतो. विकासकाशी करावयाच्या करारनाम्यात आणखी चार ओळी घालता येतील: इमारत क्रमाने सोडवून पाडावी, चार प्रकारचा माल चार ढिगांत ठेवावा, प्रत्येक फेरीची वजनकाट्याची पावती चिटणिसाकडे द्यावी, आणि ह्या पावत्यांची बेरीज अभियंत्याच्या अंदाजाशी जुळेपर्यंत ठेकेदाराच्या रकमेचा एक हिस्सा राखून ठेवावा. हे कलम मांडावयास मंत्रालयात जावे लागत नाही. ते येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेता येते, आणि त्यासाठी एक सूचक आणि एक अनुमोदक पुरेसे आहेत.